दहा कोसांचं ताट

दादाने माझी बॅग दारातच उघडायला लावली. बारा वर्षांनी मी या घराच्या पायरीवर पाय ठेवत होते, आणि माझा सख्खा भाऊ माझ्या कपड्यांखाली हात घालून झडती घेत होता. कॉफीची बरणी निघाली, बिस्किटांचे पुडे निघाले, बदाम निघाले, घसा धरला तर असाव्यात म्हणून घेतलेल्या आल्याच्या वड्या निघाल्या. सगळं त्याने शेजारच्या वाकचौऱ्यांकडे पोचवलं.

आलं तर इथे अकोल्यातही पिकतं, असं मी म्हणून पाहिलं. हे आलं कुठल्या मातीतलं आहे ते तुला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं. आजकाल ते कुणालाच माहीत नसतं. चहाचं विचारलं तर म्हणाला, गवती चहा उकळून, गूळ घालून मिळेल. हे सांगताना त्याचा चेहरा सुतक असल्यासारखा होता. माझा दादा, हरिश्चंद्र वाळुंज, दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस.

मी पुण्यात एका विमा कंपनीत दावे तपासते. समोरचा काय लपवतोय हे शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरचे म्हणतात की सुट्टीच्या दिवशी मी ते काम फुकट करते. तर आपण इथे कशासाठी आलो आहोत, याबद्दल माझ्या मनात काही गोंधळ नव्हता. सुवर्णावहिनीची, दादाच्या बायकोची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दादाला मधुमेह, त्यामुळे त्याचं चालणार नव्हतं. त्यांची लेक बाळंतपणाला टेकलेली. रक्तगट जुळणारी मी एकटीच उरले. मी हो म्हटलं ते दादासाठी, आणि तसं त्याला फोनवर स्पष्ट सांगितलंही होतं. त्याने ते वहिनीला सांगितलं असणारच, कारण दादाच्या पोटात काही राहत नाही.

वहिनीचं आणि माझं बोलणं बारा वर्षांपूर्वी बंद झालं होतं. आईच्या वर्षश्राद्धाला मी आले आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर ते ओळखूच येईना. आईची चूल पाडलेली, पितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची आणलेली, ओट्यावर चकचकीत फरशी. मी तिथल्या तिथे म्हणाले, "आईचं या घरात तू काही ठेवलं नाहीस." वहिनी म्हणाली, "आई होत्या तेव्हा यायचं होतं ठेवायला." पानं वाढून तयार होती. मी तशीच, न जेवता, स्टँड गाठला.

आता मला त्याच स्वयंपाकघरात, त्याच बाईबरोबर, एकाच भांड्यातलं महिनाभर जेवायचं होतं.

हे सगळं कशासाठी, ते नाशिकच्या डॉक्टर मेहजबीन शेख यांनी आम्हाला पहिल्याच संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावरून समजावलं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की शरीर त्याच्यावर चालून जातं. ते थोपवायला जन्मभर औषधं घ्यावी लागतात, आणि त्या औषधांनी शरीर इतकं नरमतं की साध्या सर्दीचीही धास्ती. पण आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीरातल्या लढाऊ पेशी बऱ्याच अंशी आतड्यात शिकतात. तिथे कोट्यवधी जिवाणू राहतात, आणि पेशी त्यांच्या सहवासात वाढतात. ज्या दोन माणसांच्या आतड्यांत एकाच जातीचे जिवाणू नांदत असतात, त्यांच्यात अवयव दिला-घेतला तर शरीर फार कमी भांडतं. औषधं चौथाईवर येतात.

"पूर्वी एका गावच्या माणसांच्या पोटात साधारण एकच वस्ती असायची," डॉक्टर म्हणाल्या. "मातीतून भाजीवर, भाजीतून पोटात. आता तुमच्या एका ताटात दहा ठिकाणची माती असते, आणि बरंचसं तर मातीशिवायच पिकतं. पोटात कुणी धड मुक्कामच करत नाही. महिनाभर एकाच मातीतलं, एकाच हातचं खा. वस्ती आपोआप एक होते."

म्हणून हा नियम: तीस किलोमीटरच्या आत पिकलेलंच खायचं. दादाने त्याचे लगेच दहा कोस केले. मीठ आणि औषधं तेवढी वगळलेली. घरात आधीपासून आंबवलेलं, मुरवलेलं जे जे असेल ते सगळं बाहेर काढायचं. लोणची, पापड, कुरडया, विरजणसुद्धा. दही लावायला रुग्णालयाने आपली एक पुडी पाठवली होती. वहिनीने मान हलवून सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या बरण्या वाकचौऱ्यांकडे गेल्या. ते लोक त्या महिन्यात फार खुशीत होते.

प्रगती मोजायला एक नळी दिली होती. सकाळी उपाशीपोटी तीत फुंकायचं. पोटातले जिवाणू जे वायू सोडतात ते श्वासात उतरतात, आणि त्यावरून यंत्र सांगायचं की आमच्या दोघींच्या वस्त्या शंभरात किती जुळल्या. दादा तिला फुंकणी म्हणायचा. शस्त्रक्रियेला सत्तर हवे होते. पहिल्या दिवशी आमचे एकोणीस भरले.

महिन्याअखेर सत्तर झाले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पण वहिनीकडे दुसरा महिना नव्हता. डायलिसिससाठी हातात केलेली नस दोनदा बंद पडली होती, आता गळ्यातल्या नळीवर काम चाललं होतं, आणि तीत एकदा संसर्ग होऊन गेला होता. हे डॉक्टरांनी मला एकटीला गाठून सांगितलं. वहिनीला ते माहीत होतंच.

तर दहा कोसांतलं अन्न. मला वाटलं होतं, घाटाच्या कुशीतल्या अकोल्यासारख्या गावात यात काय अवघड आहे. पण निघालो तेव्हा कळलं. गावाभोवतीच्या रानात जाळ्यांखाली परदेशी जाणारी फुलं उभी होती, नाहीतर चारा. शेतकरी स्वतः गोणीतला तांदूळ खात होते आणि तो कुठून येतो ते त्यांना सांगता येत नव्हतं. एका बाजारकऱ्याने कांदे आपल्याच वावरातले म्हणून शपथेवर सांगितले. माझ्यातली दावे तपासणारी जागी झाली. दोन प्रश्नांत त्याने कबूल केलं की वावर आहे, कांदे मात्र ट्रकमधून उतरलेले आहेत.

मग दादा रोज स्कूटर घेऊन निघायचा. राजूरच्या वरच्या अंगाला नागली आणि वरई करणारी चार घरं सापडली. सखूबाई भांगरे नावाच्या एका म्हातारीकडे खुरासणी, म्हणजे कारळे, होती. तिने तिचं तेल गाळून दिलं आणि पैसे घेताना विचारलं, कोण आजारी आहे. दादाने सांगितल्यावर तिने वालाचं एक पायलीभर गाठोडं वर टाकलं. दूध म्हाळादेवीच्या एका घरच्या म्हशीचं. चिंच आमच्याच परसातली, मिरची मागच्या आळीतली. हळूहळू असं झालं की ताटातल्या प्रत्येक पदार्थामागे मला एखाद्या माणसाचं नाव ठाऊक असायचं. पन्नाशी उलटेपर्यंत मी जेवत आले होते, पण हे मला पहिल्यांदाच घडत होतं. पुण्यात मी फक्त किंमत पाहून जेवायचे.

वहिनीला उभं राहवत नसे, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आला. ती ओट्याजवळ खुर्चीत बसायची आणि दही तेवढं स्वतः लावायची. पहिले काही दिवस आमचं बोलणं दादामार्फत चाले. त्यांना सांगा, तेल जरा धुरावू द्या. तिला सांग, मला दिसतंय. दादा दोघींच्या मधे उभा राहून मान इकडून तिकडे वळवायचा. शेवटी एका सकाळी त्याने हात टेकले, आणि ऐकू येत नसल्यासारखं करून सरळ बाहेर निघून गेला. माझी नागलीची भाकरी तिसऱ्यांदा तव्यावर फाटली होती.

"ताई, पाणी उकळतं घ्या," वहिनी म्हणाली. "नागली गार पाण्याला वळत नाही."

मी उकळतं पाणी घेतलं. भाकरी वळली. बारा वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं ते एवढंच. पण नंतर मीठ किती, वाल किती भिजवायचे, असं करत करत ते वाढत गेलं. तिला हसू आलं की ती पदराने तोंड झाकते, हे मी विसरले होते. डॉक्टरांनी तिला सगळं मोजून दिलं होतं. पाणी मोजून, वरण मोजून, दुपारच्या जेवणात दही वाटीच्या तळाला पुरेल एवढं. मी मात्र भरली वाटी संपवायचे आणि वर हात चाटायचे. या दह्यात काहीतरी होतं. आंबट नाही, गोड नाही, जिभेच्या मागे कुठेतरी जाऊन थांबणारं. मी ते म्हाळादेवीच्या म्हशीच्या नावावर टाकलं.

फुंकणीचा आकडा चढत होता. चौतीस झाले, मग बावन्न, मग एकसष्ट. दादा भिंतीवरच्या पाटीवर खडूने आकडे लिहायचा. आणि एकसष्टवर गाडी अडली. आठवडा गेला तरी एकसष्ट. दादाने पाटीवर लिहिणं सोडून दिलं. जेवणानंतर वहिनी हल्ली लगेच डोळे मिटून पडायची.

महिना संपायला थोडेच दिवस उरले असताना डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. दोघींच्याही श्वासात एक असा जिवाणू दिसत होता की जो या भागातला नाही. त्यांच्या संग्रहात त्याचे दोनच नमुने होते, दोन्ही कोकणातले. "तुमच्या घरात बाहेरचं काहीतरी येतंय," त्या म्हणाल्या. "काय येतंय ते संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर हा महिना मला धरता येणार नाही."

आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. दादाने लगेच कबुली दिली की तो दोनदा स्टँडवर जाऊन चहा प्यायला होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पण दादा काय पितो याच्याशी फुंकणीचा संबंध नव्हता. मी माझा महिना आठवला. मी काही खाल्लं नव्हतं. राहिली वहिनी. ती खाली बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. असे हात मी कामावर रोज पाहते.

"वहिनी," मी म्हटलं, "काय आहे ते सांग."

ती उठली. भिंतीला धरून फडताळापर्यंत गेली आणि दह्याचं भांडं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"पुडीतलं विरजण मी मोरीत ओतलं," ती म्हणाली. "हे जुनं आहे. हे मी टाकलं नाही."

"जुनं म्हणजे?"

"आईंचं."

माझी आई कोकणातल्या राजापूरची. माझे वडील तिकडे शाळेत शिक्षक होते, तेव्हा हे लग्न जमलं. घाटावर येताना तिच्या आईने तिच्याबरोबर एक पांढरं फडकं दिलं होतं, दह्यात बुडवून उन्हात वाळवलेलं. इथे आल्यावर आईने ते फडकं कोमट दुधात टाकलं, आणि तेव्हापासून या घरातलं दही त्याच एका विरजणावर चालत होतं. मी ते खाऊनच वाढले. लग्नानंतर वाटीभर विरजण मीही नेलं होतं. नवऱ्याच्या बदल्यांमध्ये कधीतरी ते मोडलं, मग डब्याचं दही आलं, आणि मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

वहिनीने मात्र ते आईमागे तेरा वर्षं एक दिवस मोडू दिलं नव्हतं. आजारपणात नाही, दवाखान्याच्या खेपांत नाही. नाशिकला मुक्काम पडला तर दादाला दूध कोमट किती करायचं ते फोनवरून सांगायची. दादाला हे विरजण कुठलं ते माहीतही नव्हतं. त्याला आपलं वाटायचं, दही असतं तसं दही आहे.

मी विचारलं, मग महिनाभर शेजारी का नाही ठेवलंस. ती म्हणाली, आळीत कोण आता घरी दही लावतं, चार दिवसांत मेलं असतं. आणि मला राग आला. खरंच आला. या बाईच्या गळ्यात नळी होती, तिच्याकडे दुसरा महिना नव्हता, आणि तिने तो पणाला लावला होता एका भांड्यासाठी.

"तुला जिवाची काही किंमत आहे का?" मी म्हटलं.

"तुम्ही म्हणाला होतात, आईचं घरात काही ठेवलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "भांडी गेली ती मीच दिली. कल्हई करायला कुणी राहिलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. चुलीच्या धुराने आईंचा दमा वाढायचा, त्यांनीच पाडायला सांगितली होती. माझ्याकडे त्यांचं एवढंच होतं. हे कसं ओतायचं?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

"पानात वाढलं होतं, ताई," वहिनी म्हणाली. "तुम्ही जेवायला थांबला नाहीत."

दादा उठून माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्या भांड्यातलं दही आमच्या तिघांच्या मधे तसंच राहिलं. मी नंतर तोंड धुतलं आणि डॉक्टरांना फोन लावून जे होतं ते सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी भांड्यातलं चमचाभर दही, दूध आणि आम्हा दोघींचे नमुने तातडीने मागवले. दादा स्वतः नाशिकला घेऊन गेला. परतल्यावर तो अंगणातच येरझारा घालत राहिला. वहिनीने दुसऱ्या दिवशी दही लावलं नाही. दूध तसंच झाकून ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणून मग मी लावलं. तिने दाखवलं तसं, करंगळी बुडवून ऊब पाहून, चमचाभर विरजण कडेला फिरवून. महिना वाया जायचा असेल तर जाईल, पण हे आता माझ्या हातून मोडणार नव्हतं.

फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. दादाने भिंतीवरचा पडदा चालू केला.

डॉक्टर म्हणाल्या, दूध इथलंच आहे, त्यामुळे नियम दुधाने मोडलेला नाही. जिवाणू कोकणातला आहे हेही खरं. पण त्यांना वेगळंच काहीतरी सांगायचं होतं. माझ्या पहिल्या दिवसाच्या श्वासाची नोंद त्यांनी पुन्हा तपासली होती. हा जिवाणू माझ्यात तेव्हाही होता, अगदी नावापुरता. यंत्राने त्याला चूक समजून सोडून दिलं होतं. लहानपणी पोटात घर केलेले जिवाणू सहसा पुरते जात नाहीत, उपाशी राहून एका कोपऱ्यात पडून असतात. इथे आल्यावर रोज वाटीभर दही मिळालं आणि तो पुन्हा वाढला. वहिनीच्या पोटात तर त्याची वर्षानुवर्षांची वस्ती. यंत्राला इथल्या मातीतल्या जिवाणूंची यादी दिलेली, म्हणून ते या परक्याला हिशेबात धरतच नव्हतं, आणि आकडा एकसष्टवर अडला होता.

"आता धरलं," डॉक्टर म्हणाल्या. "सत्त्याहत्तर आहेत."

दादा खडू शोधायला उठला. डॉक्टर पुढे सांगत होत्या की पुडीचं विरजण वापरलं असतं तर काय झालं असतं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कदाचित सत्तर गाठले असते, कदाचित नसते. पुढच्या रुग्णांना मात्र त्या जुनं विरजण टाकायला सांगण्याआधी ते कुठून आलं ते विचारणार होत्या. मला त्यातलं निम्मं ऐकू आलं. वहिनीने माझा पिठाचा हात तसाच धरून ठेवला होता, आणि तो सोडवून घ्यावा असं मला वाटत नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. माझं डावं मूत्रपिंड वहिनीच्या पोटात पहिल्याच दिवशी कामाला लागलं. तिच्या शरीराने त्याच्याशी भांडण काढलं नाही. औषधाच्या रोज दोन गोळ्या, बस. वहिनी किती वर्षांनी पोटभर पाणी प्यायली, तेही पेल्याला दोन्ही हात लावून, थांबत थांबत. ते पाहायला मी शेजारच्याच खाटेवर होते.

भेटायला येणारा प्रत्येक जण मला म्हणत होता, केवढं दिलंस. मी मान डोलवायचे. पण खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत आपण काही दिलं असं वाटतच नव्हतं. मी या घरी देणारी म्हणून आले होते, नाकावर राग घेऊन. आणि मला माझी आई परत मिळाली होती, जिने सांभाळली तिच्या हातून. सखूबाई भांगरेने न मागता वाल दिले होते. एका माणसाने माझ्या जेवणासाठी रोज घाट चढून स्कूटर चालवली होती. हे सगळं कसं फेडायचं ते मला कळत नव्हतं, आणि आता वाटतं, ते फेडायचं नसतंच.

पुण्याला निघायच्या दिवशी माझी बॅग पुन्हा दारात उघडली गेली. या वेळी वहिनीने. कपड्यांच्या मधे तिने एक पांढरं फडकं घडी करून ठेवलं, उन्हात वाळवून कडक झालेलं. कोमट दुधात टाका, म्हणाली, घाई करू नका, पहिल्यांदा उशिरा लागतं. दादा स्टँडवर सोडायला गाडी काढून उभा होता. त्याच्या हातात चहाचा कप होता, दिवसातला बहुतेक चौथा, आणि एसटी चुकेल म्हणून तो ओरडत होता.

वहिनी म्हणाली, पान वाढलंय.

मी बॅग खाली ठेवली. आत गेले, पाटावर बसले. वाल, नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, आणि शेवटी वहिनीने स्वतः उभं राहून वाढलेलं दही. बाहेर दादाने दोनदा हॉर्न वाजवला. मी सावकाश जेवले, आणि दही पुन्हा एकदा मागून घेतलं.